सत्तावीस देशांतून पुसलेलं नाव

पंचशीला पाईकराव नेमकं काय काम करते, हे आमच्या सिल्व्हर पार्कच्या बिल्डिंगमध्ये एकालाही धड सांगता यायचं नाही. तिची आई वैजयंता म्हणायची, कॉम्प्युटरवर आहे. वॉचमन म्हणायचा, कॉल सेंटर. तिसऱ्या मजल्यावरचे शहा तर छातीठोकपणे सांगायचे, "मॅडम फॉरेन बँक में है." मला खरं ठाऊक होतं, कारण मी सरळ विचारलं. अर्धवट ऐकून गप्प बसणं माझ्या स्वभावात नाही. पस्तीस वर्षं कोर्टात टायपिस्ट म्हणून काढली, साहेबांचं वाक्य पुरं झाल्याशिवाय कागद काढायची सवयच नव्हती.

तर काम असं. युरोपातल्या सत्तावीस देशांचा मिळून एक संघ आहे. त्यांचे सगळ्यांचे मिळून कायदे आहेत, त्यावर एक मोठं कोर्ट आहे आणि माणसाच्या मूलभूत हक्कांची एक सनदही आहे. त्या सनदेत एक कलम आहे की माणसाची खाजगी माहिती ही त्याची असते आणि तिचं संरक्षण हा त्याचा हक्क आहे. त्यातून पुढे असं निघालं, की तुमच्याबद्दल नेटवर काही जुनं, चुकीचं, आता कुणाच्या उपयोगाचं नसलेलं पडलेलं असेल, तर नेटवर शोधून देणाऱ्या कंपनीकडे तुम्ही अर्ज करू शकता. माझं नाव शोधलं की हे दाखवू नका, एवढंच मागायचं. असे अर्ज तिकडून ढिगाने येतात. आणि ते वाचतं कोण? तर मीरा रोडच्या एका काचेच्या इमारतीत दुपारपासून बसलेल्या साठ-सत्तर पोरी. कंपनीचं नाव पंचशीलाने मला कधी सांगितलं नाही. गुप्ततेच्या कागदावर सही केली होती म्हणे.

अर्जदारांची नावंही ती सांगायची नाही, पण गोष्टी सांगायची. कुणी बेल्जियमचा बेकरीवाला, बाविसाव्या वर्षी दारू पिऊन गाडी ठोकलेली, आता नातवंडं झाली तरी नाव टाकलं की तीच बातमी वर. कुणी पोलंडची बाई, नवऱ्याने घटस्फोटाच्या वेळी तिच्याविषयी नाही नाही ते लिहून ठेवलेलं. पंचशीला वाचायची, नियम लावून बघायची आणि हो किंवा नाही म्हणायची. हो म्हटलं की तिला कोण आनंद. रविवारी माझ्याकडे चहाला आली की म्हणायची, काकू, या आठवड्यात चाळीस जणांना मोकळं केलं. मला हसू यायचं. मी म्हणायचे, अगं, तू काय जेलर आहेस का?

आणि घरात तिचा सख्खा भाऊ अडकून पडला होता.

उदय तिच्यापेक्षा चार वर्षांनी लहान. लिफ्टचा मेकॅनिक. बाप, सहादेव, हिंगोलीकडून आलेला माणूस, म्युनिसिपालिटीत नोकरीला होता, लवकर गेला. पोराने आयटीआय केलं आणि लिफ्टच्या कामात असा काही रमला की विचारू नका. आमची लिफ्ट अडकली की कंपनीचा माणूस येईपर्यंत लोक त्यालाच हाक मारायचे. आवाज ऐकून सांगायचा की कुठली पट्टी घासतेय. फार बोलायचा नाही. कामाला लागला की खालचा ओठ दातात धरायचा, एवढीच त्याची खूण.

पाच वर्षांपूर्वी तो एका टॉवरमध्ये लिफ्टच्या देखभालीला गेला. त्याच दिवशी तिथल्या एका घरातून मंगळसूत्र आणि चार बांगड्या गेल्या. पोलिसांनी काय केलं? त्या दिवशी बाहेरची जी माणसं बिल्डिंगमध्ये आली होती त्यांची यादी काढली, त्यात आडनावं वाचली आणि याला उचललं. अकरा दिवस आत ठेवला. एका लोकल न्यूज पोर्टलने फोटो टाकला, मान खाली घातलेला, मागे दोन हवालदार. वर मथळा, लिफ्ट दुरुस्तीच्या नावाखाली घरफोडी. खाली संपूर्ण नाव, बापाच्या नावासकट. गायकवाड किंवा जाधव असता तर हजारभर उदयांच्या गर्दीत लपला असता. पाईकराव म्हटल्यावर एकटाच.

मी काही धुतल्या तांदळासारखी नाही, हेही सांगून टाकते. तो फोटो बिल्डिंगच्या ग्रुपवर आला तेव्हा मी आमच्या यजमानांना, शशिकांतरावांना म्हटलं, दाराला आतून कडी लावत जा. वर्षभर वैजयंताच्या घरी पाऊल टाकलं नाही. जातीचं तोंडाने कुणी काही बोललं नाही. आमच्यासारखी शिकलेली माणसं बोलत नाहीतच, नुसती कडी लावतात.

चार वर्षांनी निकाल लागला. वैजयंता तो कागद घेऊन माझ्याकडे आली, म्हणाली, काकू, तुम्हाला कोर्टाचं कळतं, वाचून सांगता का? दारातच उभी, आत ये म्हटलं तरी येईना. मी उभ्या उभ्या वाचला. सहा पानं. संशयाचा फायदा देऊन सोडलं, असं जे लिहितात ना, ते त्यात कुठेच नव्हतं. मी असले शेकड्याने टाइप केलेत, मला त्यातला फरक कळतो. जज्जांनी स्वच्छ लिहिलं होतं की माल मिळाला नाही, कुणी पाहिलं नाही आणि या माणसाला अटक का केली याचं तपास अधिकाऱ्याकडे उत्तर नाही. माझी मान वर होईना. त्या दिवसापासून त्या घराशी माझं जमलं.

पण पोर्टलने निकालाची बातमी दिली नाही. अटकेची बातमी तशीच वर. लिफ्टवाला म्हटला की लोकांच्या घरात, जिन्यात, गच्चीवर जाणार. आता कामावर घेण्याआधी सगळे नाव टाकून बघतात. उदय काय करायचा, मुलाखतीला गेला की खुर्चीवर बसण्याआधी प्लास्टिकच्या फोल्डरमधून निकालाचा कागद काढून टेबलावर ठेवायचा. साहेब, आधी हे वाचा, मग बाकीचं बोलू. लोक वाचायचे, वा वा म्हणायचे, चहाही द्यायचे. नोकरी द्यायचे नाहीत. तरी त्याने तो रिवाज सोडला नाही. मला म्हणायचा, काकू, निदान मी लपवलं असं कुणी म्हणणार नाही.

त्या घरात आणखी एक नियम होता. उदयचं नाव कुणी, कुठल्याच फोनवर, टाइप करायचं नाही. पंचशीलाची टीम लीडर सुचेता एकदा ऑफिसात बोलता बोलता म्हणाली होती की एखादी गोष्ट लोक जेवढी शोधतात, उघडतात, तेवढी ती वर येते. झालं. हिने घरी येऊन सांगितलं, की आपण बघत राहिलो तर आपणच ती बातमी वर ढकलतोय. त्या दिवसापासून बंदी. वैजयंताला तर टाइपही करता येत नाही, पण ती शेजारच्या बायकांनासुद्धा हात जोडून सांगायची, माझ्या पोराचं नाव फोनमध्ये लिहू नका. घरात देव्हाऱ्याच्या जागी बुद्ध आणि बाबासाहेब, आणि त्यांच्यासमोर पाळला जाणारा हा असा नियम.

पंचशीलाने सरळ मार्गाने करायचं ते सगळं करून पाहिलं. पोर्टलला सात पत्रं लिहिली. एकाचं उत्तर आलं, बातमी त्या वेळी खरी होती. वकिलाकडे गेली, तो म्हणाला हायकोर्टात जावं लागेल, आणि तिथेही कधी असा निकाल लागतो, कधी तसा. आपल्याकडेही माहितीच्या संरक्षणाचा कायदा आलाय, पण त्याची सगळी कलमं लागू व्हायची होती. ती चिडायची. म्हणायची, काकू, आपली घटना इतकी मोठी, त्यात जगण्याचा हक्क, सन्मानाचा हक्क, सगळं आहे. मग मी दिवसभर दुसऱ्यांना मोकळं करतेय आणि माझ्या भावाला विचारणारं कुणी नाही, हे कसं? मी काय सांगणार? मी टायपिस्ट. मी निकाल लिहिलेत, दिलेले नाहीत.

मग तिने ते केलं. ऑफिसात तिच्याबरोबर उत्तनची सेलिना होती, तिची बहीण आयर्लंडला नर्स. पंचशीलाने तिला विचारलं, तुझ्या बहिणीचा पत्ता घालू का, उदय तिथे राहतो म्हणून? सेलिना म्हणाली, घाल गं, काय न्हाय होत, माझी बहीन काय बोलनार न्हाय. निकालाचं इंग्रजी भाषांतर मी केलं. चार दिवस बसून केलं, एकेक शब्द तोलून. चष्म्याचा नंबर वाढला असेल. खोट्या पत्त्याच्या अर्जाला मी हातभार लावला, कोर्टात जन्म काढलेल्या बाईने, आणि मला त्याची काडीइतकीही लाज वाटली नाही. आजही वाटत नाही. लाज वाटते ती पुढच्याची.

अर्ज गेला मार्चमध्ये. पंचशीलाच्या टेबलावर आला नाही, दुसऱ्या कुणा मुलीकडे गेला. तिने वाचला, नियम लावले आणि हो म्हटलं. एकोणिसाव्या दिवशी पंचशीलाला सिस्टीममध्ये दिसलं, मंजूर. त्या ऑफिसात स्वतःचा फोन आत न्यायचा नाही, लॉकरमध्ये ठेवायचा. म्हणून तिने समोरच्याच मशिनवर, एवढ्या वर्षांत पहिल्यांदा, नाव टाकलं. उदय सहादेव पाईकराव. काही नाही. कुठल्या गावच्या कबड्डीच्या संघाची यादी आली, कुणा पाईकरावांचं लग्न आलं. ती बातमी नाही, तो फोटो नाही. पुन्हा टाकलं. नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती माझ्या दारात रडत उभी. मला आधी वाटलं, काही बरंवाईट झालं. वैजयंताने बुद्धांसमोर मेणबत्ती लावली, मला बोलावून शिरा खायला घातला. उदय खिडकीशी उभा होता. त्याने बहिणीला एकच विचारलं, "तू स्वतः बघितलंस?" ती म्हणाली, "माझ्या डोळ्यांनी." त्याने मान हलवली आणि बाहेर निघून गेला. अर्ध्या तासाने आला तेव्हा केस कापून आला होता.

घरी फोनवर पुन्हा एकदा बघावं, असं कुणाच्या मनात आलं नाही. येणार कसं? नाव टाइप करायचं नाही हा नियम आता तर जास्तच पाळायचा होता. गेलेली गोष्ट आपल्या हाताने कशाला परत बोलवायची.

पंधरा दिवसांत भाईंदरच्या एका मोठ्या हॉस्पिटलमध्ये लिफ्ट सांभाळायची जागा निघाली. चार लिफ्ट, त्यातल्या दोन स्ट्रेचरच्या, पक्की नोकरी. आदल्या दिवशी संध्याकाळी उदय फोल्डर घेऊन माझ्याकडे आला. हे नेऊ की नको, विचारायला. पंचशीलाने आधीच सांगितलं होतं, नेऊ नकोस. पण त्याच्या मनाची तयारी होईना. त्याला माझ्याकडून ऐकायचं होतं, कोर्टातल्या बाईकडून.

आणि मी म्हटलं, "कशाला ते बाड घेऊन फिरतोस? सुटलास ना? जन्मभर काय गळ्यात अडकवून हिंडणार आहेस?"

तो म्हणाला, "आणि विचारलं तर?"

"तू दोषी ठरलेला नाहीस. विचारलं तर नाही म्हण."

काय विचारलं तर, हे मी विचारलं नाही. प्रश्नाचे शब्द न ऐकता उत्तर सांगून मोकळी झाले. पस्तीस वर्षं मी वकिलांना त्याच चुकीवर पडताना बघितलं, मनात त्यांना हसले. कपाळ माझं. तो फोल्डर माझ्याच टेबलावर ठेवून घरी गेला.

तिथे छापील फॉर्म होता. त्यात होतं, आपल्यावर कधी गुन्हा नोंदला गेला आहे का? दोषी ठरलात का, असं नव्हतं. गुन्हा नोंदला गेला आहे का. हो की नाही. त्याने म्हणे दोन मिनिटं पेन धरून ठेवलं. मग नाहीवर खूण केली आणि खाली सही.

नोकरी मिळाली. नऊ दिवस तो माणूस कसा चालत होता, ते मी बघितलंय. जिना चढताना शीळ घालायचा. दुसऱ्या मजल्यावर एक लिफ्ट धक्का देऊन थांबायची, पेशंटला कळ लागायची. ती त्याने तिसऱ्या दिवशी नीट केली. घरी येऊन वैजयंताला ताटलीत पाणी घेऊन दाखवत होता की आता लिफ्ट थांबली तरी पाणी हलत नाही. तिथल्या एका वॉर्डबॉयने त्याला मास्टर म्हटलं, तेही सांगून झालं. मुलगी बघायची का, असा विषय वैजयंताने काढला आणि तो उठून गेला नाही.

दहाव्या दिवशी एका सिक्युरिटी गार्डने, सहजच, आडनाव वेगळं वाटलं म्हणून, नाव फोनवर टाकलं.

एच.आर.चा जितेश म्हणून कुणी होता. वाईट माणूस नव्हता, उदयनेच सांगितलं. त्याने दार लावून घेतलं, पाणी दिलं, फोनवरचा फोटो दाखवला. उदय म्हणाला, साहेब, मी निर्दोष सुटलोय, निकाल आहे, दाखवतो. खिशाकडे, मग पिशवीकडे हात गेला त्याचा. फोल्डर माझ्या घरी.

जितेश म्हणाला, "मला केसचं काही नाही रे. निकाल दाखवला असतास तर मी वर बोललो असतो. पण तू लिहिलंयस 'नाही'. हे तुझंच अक्षर ना?"

उदय म्हणाला, हो.

तो दुपारी तीनला परत आला आणि आपल्या घरी न जाता माझ्याकडे येऊन बसला. आईला तोंड कसं दाखवू म्हणाला. घडलं ते सगळं सांगितलं, आवाज न चढवता. मग जे बोलला ते मी मरेपर्यंत विसरणार नाही. "काकू, लोक मला चोर म्हणायचे तेव्हा मला आतून माहीत असायचं की मी नाही. आज त्यांनी मला खोटा म्हटलं, आणि ते खरं आहे." मीच सांगितलं होतं ना, नाही म्हण म्हणून.

त्या दिवशी पंचशीलाची सुट्टी होती. ती बाजारातून आली, ऐकलं आणि ठाम म्हणाली, शक्य नाही, त्या गार्डने जुना फोटो कुठून तरी आणला असेल. पर्समधून फोन काढला आणि माझ्यासमोर, उदयसमोर, घरातला नियम मोडून नाव टाइप केलं. पहिलीच बातमी. मान खाली घातलेला, मागे दोन हवालदार. तिने पुन्हा टाइप केलं. पुन्हा. इंग्रजीत केलं, मराठीत केलं. मी तिच्या हातातून फोन काढून घेतला तेव्हा ती जमिनीवर बसली.

कळलं ते असं. त्यांच्या ऑफिसातली मशिनं तिकडच्या सर्व्हरला जोडलेली. म्हणजे खुर्ची मीरा रोडला, पण पडद्यावर दिसणार ते युरोपातल्या माणसाला दिसेल ते. आणि नाव पुसलं जातं ते फक्त त्या सत्तावीस देशांपुरतं. सगळ्या जगातून काढायलाच पाहिजे असं त्यांचा कायदा म्हणत नाही, तिकडच्या मोठ्या कोर्टानेच तसं सांगितलंय. मी तिच्यावर ओरडले, अगं, तुझं रोजचं काम, तुला ठाऊक नव्हतं? तिला खरंच नव्हतं. तिला शिकवलेलं एवढंच, हो म्हटलं की लिंक जाते. कुठून जाते, कितपत जाते, ते बघणारी टीम वेगळी. बेल्जियमच्या बेकरीवाल्याचं नाव इथे भाईंदरमध्ये कोण कशाला शोधायला जातंय, म्हणून एकाही मुलीला कधी कळलं नव्हतं. अधिकारक्षेत्र हा शब्द मी नोकरीत रोज टाइप केला. माणसाच्या हक्कालाही हद्द असते हे मला माहीत होतं, पण ती हद्द एका पडद्याच्या आत सुरू होऊन तिथेच संपते, हे डोक्यात आलं नाही. जिथे उदयला काळं कुत्रं ओळखत नाही, तिथे तो निर्दोष. जिथे त्याला भाकरी मिळवायची, तिथे चोर.

पंचशीला गप्प बसणाऱ्यातली नाही. दुसऱ्या दिवशी जाऊन तिने सुचेताला सगळं खरं सांगितलं, पत्त्यासकट. सेलिनाचं नाव तेवढं घेतलं नाही. तिला वाटलं, खरं सांगितलं, निकाल समोर ठेवला, तर वरचे लोक म्हणतील की या माणसाचं इथूनही काढा. माणसाचा मूलभूत हक्क म्हणतात ना, मग माणूस तर हाही आहे. सुचेताने तिला मिठी मारली म्हणे. आणि मग वर कळवलं, कळवावंच लागतं. आठ दिवसांत उत्तर आलं. अर्जदाराचा संघाच्या प्रदेशाशी काही संबंध नाही, सबब मंजुरी रद्द. पंचशीलाला त्याच दिवशी ओळखपत्र जमा करायला सांगितलं. उदय पाईकरावची बातमी सत्तावीस देशांत परत दिसायला लागली.

उदयने तिला एका शब्दाने दोष दिला नाही. ताई, तू माझ्यासाठीच केलंस, एवढंच म्हणाला. चिडला असता, भांडी आपटली असती तर बरं वाटलं असतं तिला. फोल्डर मी त्याला परत द्यायला गेले तर म्हणाला, राहू द्या काकू, आता त्याचा उपयोग नाही. कुणी विचारलं, आधीच्या नोकरीतून का काढलं, तर काय दाखवू? याच्यात ते लिहिलेलं नाही.

जूनमध्ये एका सकाळी तो कामाच्या शोधात जातो म्हणून गेला आणि आला नाही. फोन बंद. आठवड्याने दुसऱ्याच्या फोनवरून आईला फोन केला, बरा आहे, शोधू नका. पोलिसात हरवल्याची तक्रार द्या, असं शहा म्हणाले. वैजयंताने साफ नकार दिला. म्हणाली, परत त्याचं नाव आणि फोटो? नाही. पंचशीला आता साड्यांच्या दुकानात उभी असते. रविवारी चहाला येत नाही. मी बोलावलं तर म्हणते, येते काकू, आणि येत नाही. तिला मी दोष देत नाही, माझं घर बघितलं की तिला काय आठवत असेल ते मला कळतं.

ऑक्टोबरमध्ये आमच्या वॉचमनच्या भाच्याने सांगितलं की घोडबंदरला हायवेलगत एका गोदामात उदयसारखा एक जण माल चढवतो, दाढी वाढलेली. खात्री नाही. वैजयंताला एकटीला कशी पाठवू? आम्ही दोघी बसने गेलो. पायऱ्या चढून-उतरून माझे गुडघे बोंबलत होते, तिचं लक्षच नव्हतं. तिने डब्यात त्याच्यासाठी चवळीची उसळ आणि भाकरी घेतली होती, डबा मांडीवर दोन्ही हातांनी धरून बसली होती.

गोदामापुढे टेम्पो लागला होता. सात-आठ माणसं खोकी चढवत होती, धूळ एवढी की सगळ्यांच्या तोंडाला फडकी. मुकादम, पंढरीनाथ म्हणून एक म्हातारा, भला माणूस वाटला. कुणाला बघताय, मावशी? वैजयंता म्हणाली, माझा मुलगा आहे का बघायला आले, उदय नाव. त्याने तिथूनच आवाज टाकला, "अरे, इधर कोई उदय है क्या?"

माणसांनी माना हलवल्या. कुणी हातचं काम सोडलं नाही. टेम्पोच्या तोंडाशी एक जण आमच्याकडे पाठ करून उभा होता, खांद्यावर खोकं. आवाज ऐकून त्याचे पाय थांबले. ते खोकं त्याने खाली ठेवलं नाही, वरही चढवलं नाही. फडकं घसरलेलं होतं, बाजूने एवढंच दिसलं, खालचा ओठ दातात धरलेला. मी वैजयंताकडे बघितलं. तिने माझ्या आधीच ओळखलं होतं.

पंढरीनाथला आमची दया आली असावी. त्याने खिशातून फोन काढला. "असं करा मावशी, आडनाव सांगा. नेटवर फोटो असेल तर बघतो, लगेच ओळखू."

वैजयंता त्याच्या हातातल्या फोनकडे बघत राहिली. मग डबा पिशवीत ठेवला आणि पदर नीट केला.

"राहू द्या भाऊ," ती म्हणाली. "चुकून आलो आम्ही. माझा मुलगा इथे नाही."

पाठमोऱ्या माणसाने खोकं टेम्पोत चढवलं आणि दुसरं उचलायला गोदामात गेला. आम्ही दोघी बस स्टॉपकडे चालायला लागलो.